लुईझ गोंझागा आपल्या पारावर कसा ऐकवायचा

दोन-तीन जणांनी विचारलं की तू ते ब्राझीलच्या गायकाचं गावात केलं कसं, लोकं बसले कसे, पोर्तुगीज कोणाले समजते, तर एकदाचं सगळं लिहूनच टाकतो, म्हणजे तुमच्या गावात कोणाला करायचं असेल तर करता येईल. खर्च काही नाही. एक चार्ज केलेला स्पीकर, मंडळाची पेटी, खंजिरी अन् दीड-दोन तास बसणारी वीस-पंचवीस माणसं, एवढं पुरे.

मला हा माणूस भेटला ओलिताच्या रात्री. लाइन रात्री बारानंतरची होती, हरभऱ्याला पाणी सुरू, मोबाइल धुऱ्यावर ठेवलेला अन् गाणी आपोआप एकामागून एक लागत होती, मधातच एक बाजा वाजायला लागला जो पेटीसारखा पण पेटी नाही, त्यावर एक रांगडा, भरलेला आवाज. शब्द एक समजला नाही. पण चाल अशी की हे आपल्या भजनी मंडळातलं कोणीतरी उद्या गाईल. सकाळी शोधलं तर कळलं की ते गाणं कोरड्या दुष्काळाचं आहे, पीक जळालं, ढोरं पाण्यावाचून मेली, पाखरंसुद्धा मुलूख सोडून गेली अन् माणूस जीव लावलेल्या पोरीचा निरोप घेऊन निघाला. अन् मी ते ऐकलं होतं पाटाच्या पाण्यात उभं राहून. तेव्हापासून मी हा माणूस सोडला नाही.

नाव लुईझ गोंझागा. जन्म १३ डिसेंबर १९१२, मृत्यू २ ऑगस्ट १९८९. ब्राझीलच्या ईशान्येला पेर्नांबुको राज्यात एशू नावाचं गाव आहे, तिथला. लोकं त्याला बायांवचा राजा म्हणत, बायांव म्हणजे त्यानंच देशभर नेलेला गाण्याचा अन् नाचाचा प्रकार.

वेळ कोणती धरायची

कापूस वेचणीत करू नका, बाया थकलेल्या असतात अन् माणसं जिनिंगच्या भावात अडकलेली. लग्नसराईतही नको, डीजेपुढं आपला स्पीकर कोण ऐकणार. सगळ्यात चांगला काळ म्हणजे नवतपा संपला अन् मृग लागायचा आहे ते मधले चार-पाच दिवस. वखरणी झालेली असते, बियाण्याची थैली घरात आलेली असते, करायला काही नसते अन् प्रत्येक जण संध्याकाळी वरती पाहत असतो. त्या दिवसांत हा माणूस जसा ऐकू येतो तसा वर्षात दुसऱ्या कधी येत नाही. आम्ही पहिल्यांदा दिवाळीनंतर केलं होतं, लोकांनी ऐकलं, बरं म्हणाले अन् गेले. दुसऱ्यांदा जूनच्या पहिल्या आठवड्यात केलं तर रात्री साडेदहापर्यंत पारावरून कोणी हललं नाही.

गाणी आधीच डाउनलोड करून ठेवा, रेंजचा भरवसा नाही. शोधताना नाव मराठीत टाकलं तर धड काही येत नाही, इंग्रजी अक्षरांत टाका, एल-यू-आय-झेड, मग गोंझागा. त्याचं सगळ्यात मोठं गाणं ‘आझा ब्रांका’, तेही असंच शोधायचं, ए-एस-ए करून. १९४७ सालची मूळ रेकॉर्ड आहे, पण तिच्यात खरखर आहे, पारावर मोकळ्या हवेत ती ऐकू येत नाही. त्यानं हेच गाणं पुढं परत रेकॉर्ड केलेलं आहे, त्यातलं साफ आवाजाचं घ्या, जुनी रेकॉर्ड शेवटी हौशी माणसांसाठी ठेवा.

उच्चार एकदा बसवून घ्या, कारण तुम्ही अडखळले की पोट्टे हसतात अन् रंग जाते. तिकडं शब्दाच्या सुरुवातीचा र हा ह सारखा बोलतात, म्हणून रिओ शहर त्यांच्या तोंडी हिऊ होते अन् रेसिफे हेसीफी होते. ईशान्येच्या त्या कोरड्या मुलखाला म्हणतात सेर्तांव. अन् हे गाणं वाजते त्या नाचाच्या बैठकीला फोहो. बस, एवढे चार शब्द आले की काम भागते.

नाव सांगायच्या आधी गाणं लावा

ही चूक मी केली म्हणून सांगतो. पहिल्यांदा मी उभा राहून सुरू केलं, ब्राझील देश, लोकसंख्या, राजधानी, महान गायक, इतक्या इतक्या रेकॉर्डी. पाच मिनिटांत लोकं आपसात बोलायला लागले. मोठ्या माणसाचं मोठेपण आधी सांगितलं की ऐकणारा लांब जाऊन बसते. दुसऱ्या वेळी काहीच सांगितलं नाही. दिवे कमी केले, ‘आझा ब्रांका’ लावलं, संपू दिलं. मग एवढंच विचारलं, काय वाटते, हा माणूस काय सांगून राहिला असंल?

एक म्हातारे बाबा, आयुष्यभर सालदारकी केलेले, म्हणाले, “जाऊन राहिला तो. कुठंतरी जाऊन राहिला, अन् त्याले जायचं नाही.”

भाषा न समजता बाबांनी सांगितलं. तिथून पुढं मला कोणाला पटवून द्यायचं कामच उरलं नाही, लोकं स्वतः विचारायला लागले की कुठचा हा, काहून चालला.

मग गाण्यातलं पाखरू सांगा. आझा ब्रांका म्हणजे पांढरा पंख. आपल्या होल्यापेक्षा मोठं, रानकबुतराच्या जातीचं पाखरू आहे, उडताना पंखावर पांढरा पट्टा दिसते. सेर्तांवात पाणी संपलं की तेही निघून जाते, अन् ते गेलं म्हणजे आता माणसानं थांबण्यात अर्थ नाही असं तिथले लोकं समजतात. मुलूखही दोन वाक्यांत उभा करा, जास्त भूगोल नको. काटेरी रान, निवडुंग, वर्षाला जेमतेम पाऊस अन् तोही लहरी. दुष्काळातही हिरवं राहणारं एक झाड आहे तिकडं, जुआझेरो, ते आपल्या बोरीच्याच जातीतलं, त्याच्यावरही त्याचं गाणं आहे. कापूसही होता तिकडं. आपल्याकडं जशी गुलाबी बोंडअळी तसा तिकडं बोंड पोखरणारा भुंगा १९८३ साली देशात शिरला अन् त्यानं ईशान्येचा कापूस पार बसवला. हे सांगितलं तेव्हा आमच्या इथं मागं बसलेले पुढं सरकले.

अन् पावसाचा अंदाज. १३ डिसेंबर हा तिकडं सांता लुझियाचा दिवस, त्या रात्री मिठाचे सहा खडे उघड्यावर मांडून ठेवतात, एक-एक खडा जानेवारी ते जूनमधल्या एकेका महिन्याचा, सकाळी ज्या खड्याला पाणी सुटलं त्या महिन्यात पाऊस. मग १९ मार्चला संत जोसेफच्या दिवसापर्यंत पाऊस पडला तर वर्ष साधलं, नाही पडला तर गाठोडी बांधा. बुलडाण्याकडं भेंडवळची घटमांडणी ज्याला माहीत आहे त्याला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. अन् मग सांगा की हा आपला गायक त्याच १३ डिसेंबरला जन्मला, म्हणून सांता लुझियावरून लुईझ. गोंझागा हे संत लुईझ गोंझागावरून आलं, अन् तिसरं नाव नासिमेंतो, म्हणजे जन्म, कारण डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा महिना. आपल्या इथं पंचांग पाहून नाव ठेवतात तसंच.

बापाची पेटी

आता खरं चरित्र, अन् इथं घाई करू नका.

त्याचा बाप जानुआरिओ शेतमजूर. पण हातात दुसरी कला होती, अकॉर्डियन वाजवायचा अन् दुरुस्तही करायचा, आजूबाजूच्या गावांतून लोकं आपले बिघडलेले बाजे त्याच्याकडं आणून टाकत. पोरगा त्या उघड्या पडलेल्या बाज्यांमध्ये वाढला. इथं मंडळाची पेटी पुढं घ्या अन् झाकण उघडून दाखवा. हे मी फार जोर देऊन सांगतो, तोंडानं सांगू नका, दाखवा. पेटीच्या पोटात धातूच्या पत्त्या असतात, भात्याच्या हवेनं त्या थरथरतात अन् सूर निघते. अकॉर्डियनमध्ये तेच आहे, फक्त भाता मधात अन् बाजा गळ्यात. जानुआरिओची होती ती लहान, डाव्या हाताला फक्त आठ बटणं असलेली, अन् तिची खुबी अशी की तेच बटण भाता दाबला तर एक सूर देते अन् ओढला तर दुसरा. म्हणजे हवेच्या दिशेवर गाणं. आमचे पेटीवाले काका हे ऐकून म्हणाले, “मंग तो बाप लय तयारीचा असंल, आपल्याले एका दिशेनं जमत नाही.” हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं कामी येते.

लुईझनं पोरवयातच वाजवायला घेतलं. पहिली स्वतःची पेटी घेतली तेव्हा गावच्या जमीनदारानं पैशाची मदत केली. सतरा वर्षांचा असताना गावातल्या एका वजनदार घरच्या पोरीवर जीव बसला, पोरीच्या बापानं अपमान केला, हा सुरी घेऊन त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. घरी कळलं तेव्हा माय सांतानानं त्याला असा झोडपला की तो त्या लाजेनं घर सोडून गेला. पायी क्रातो गावापर्यंत, तिथं पेटी विकली, तिथून फोर्तालेझा अन् १९३० साली फौजेत भरती. फौजेत तो बिगूल वाजवायचा. जवळजवळ नऊ वर्षं.

या जागी थोडं थांबा. पेटी विकली हे लोकांना लागते. आमच्या इथं एका काकूनं विचारलं होतं की मायनं मारलं म्हणून कोणी इतकं दूर जाते का, अन् दुसरीनं तिला सांगितलं की मारलं म्हणून नाही गेला बाई, सगळ्या गावात कळलं म्हणून गेला. असं बोलणं सुरू झालं की थांबवू नका, तेच पाहिजे.

१९३९ साली फौज सुटली, हा हिऊ शहरात. खिशात पैसे थोडे, पेटी नवी घेतलेली, मोठी. बंदराजवळच्या बदनाम वस्तीत, दारूच्या गुत्त्यांत, रस्त्यावर तो वाजवायला लागला, समोर ताट ठेवून. काय वाजवायचा? टँगो, वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, जे शहरात चालते ते. आपल्या गावचं एक सूर नाही. मग एक दिवस सिआरा राज्यातले, म्हणजे त्याच्याच मुलखाकडचे काही विद्यार्थी तिथं बसले होते, ते म्हणाले की तू तिकडचा ना, मग तिकडचं काही वाजव की. त्याला ते जवळजवळ विसरायला झालं होतं. त्यानं मुदत मागितली, घरी बसून बापाच्या चाली आठवल्या, बोटात बसवल्या अन् नंतर त्यांच्यापुढं वाजवल्या. ताट भरून गेलं. त्यातलीच एक चाल घेऊन तो रेडिओवर आरी बारोझोच्या नवोदितांच्या कार्यक्रमात गेला, तिथं आधी परदेशी चाली वाजवून कमी गुण मिळाले होते, या वेळी मिळाले पैकीच्या पैकी.

मला विचाराल तर सगळ्या आयुष्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग आहे, म्हणून याच्यानंतर दुसरं गाणं लावायचं. कोणतंही नाचाचं, जलद चालीचं लावा.

ताल हातावर कसा बसवायचा

गाणं सुरू असताना पोट्ट्यांना कामाला लावा. बायांवच्या ठेक्यात आठ मोजायचे, अन् टाळी एक अन् चारवर. एक, दोन, तीन, चार, परत पाच ते आठ मोकळे. आपला केरवाही आठाचाच, म्हणून भजनी माणसाला मोजायला त्रास नाही, जोर फक्त वेगळ्या जागी पडते. चारची टाळी पहिल्यांदा सगळे उशिरा मारतात, पाचवर जातात, दोन-तीन वेळा चुकू द्या. जमली की कंबर आपोआप हलते.

त्याच्या मागं दोन वाद्यं असतात. झाबुंबा म्हणजे आडवा बांधलेला चपटा ढोल, वरून जाड टिपरू, खालच्या चामड्यावर बारीक काडी. अन् लोखंडी त्रिकोण, तो एका हातात धरून दुसऱ्या हातानं सळईनं वाजवायचा, मूठ मिटली की आवाज दबते, उघडली की टिंग होते. ही पेटी, ढोल अन् त्रिकोणाची तिकडी त्यानंच पक्की केली, आजही तिकडं फोहोचा फड त्याच तिघांवर उभा राहते. आमच्याकडं त्रिकोण नव्हता, वखराची जुनी पास दोरीला टांगली अन् नटानं वाजवली. झाबुंब्याच्या जागी ढोलकी नको, ती फार बोलते, डफ बरा. खंजिरीवाल्यानं आठही मात्रा बारीक भरायच्या. तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्या गावात रोज संध्याकाळी वाजते त्या गावाला हे शिकवायला अर्धा तासही लागत नाही. महाराजांचा जन्म १९०९ चा, लुईझचा १९१२ चा, दोघं एकाच काळात दोन टोकांना आपल्या मुलखाच्या बोलीत, आपल्या मुलखाच्या वाद्यावर लाखो लोकांपुढं गात होते, हे मी पारावर सांगतो तेव्हा मला स्वतःला भरून येते.

पेटीवाल्यांसाठी एक गोष्ट. ‘आझा ब्रांका’ची पहिली ओळ म्हणजे सा रे ग प, प ग म म. दुसरी ओळ, सा रे ग प, प म ग. एवढंच. आमच्या काकांनी एकदा ऐकून काढली. सेर्तांवच्या बाकी चालींत कोमल नी फार येते अन् काहींत तीव्र मही, ते कानाला आपल्याच्यासारखं लागते ते त्याच्यामुळं. काळी दोनमध्ये घ्या नाहीतर पांढरी चारमध्ये, गाणाऱ्याचा गळा पाहून.

अनुवाद पुस्तकी मराठीत करू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं. मोबाइलवर अनुवाद करायला गेलं की त्याची गाणी गडबडतात, शब्दच सापडत नाहीत. मला वाटलं स्पेलिंग चुकलं. नाही. तो प्रमाण पोर्तुगीज म्हणतच नाही, त्याच्या गावची बोली म्हणते. ‘पाहिलं’ हा शब्द पुस्तकात ओल्येइ आहे, तो म्हणते ओयेइ. पेरणी-पिकाला प्लांतासांव म्हणतात, तो म्हणते प्रांतासांव. शहरात ज्या बोलीला लोकं हसत तीच त्यानं रेकॉर्डवर जशीच्या तशी ठेवली.

मग आपण त्याला “मी पाहिले की भूमी होरपळत आहे” असं कसं म्हणायचं. मी माझ्या वहीत वऱ्हाडीत उतरवलं. “मले दिसलं, सारं वावर होळीवानी पेटलं, मंग म्या देवाले इचारलं, काहून रे बाप्पा एवढं.” हा अर्थ आहे, शब्दाला शब्द नाही. वाचून दाखवलं तेव्हा बायांमधून एकदम हुंकार आला. तुमच्याकडं झाडीबोली असेल तर झाडीत करा. गाणं लावायच्या आधी अर्थ वाचा, गाणं चालू असताना मधात बोलू नका, फक्त जिथं घोडा तहानेनं मरते ती ओळ आली की हात वर करा, लोकं समजतात.

हे शब्द कोणाचे तेही सांगा, कारण लोकं एकट्या गायकालाच सगळं श्रेय देतात. ‘आझा ब्रांका’ त्यानं केलं उंबेर्तो तेशेरासोबत, तो वकील होता, सिआरातल्या इग्वातूचा, दोघांची भेट १९४५ ची. पुढं झे दांतास नावाचा पेर्नांबुकोचा तरुण डॉक्टर जोडीला आला. दोघंही शिकलेले अन् दोघंही आपली बोली न विसरलेले.

गावी परत आला ती रात्र

१९४१ पासून त्याच्या रेकॉर्डी निघत होत्या पण नुसत्या वाजवलेल्या, गाऊ देत नव्हते, हा आवाज चालणार नाही म्हणे. गाण्याची पहिली रेकॉर्ड १९४५ ची. म्हणजे ज्या आवाजावर पुढं सारा देश जीव टाकत होता तो चार वर्षं स्टुडिओच्या दारात थांबवून ठेवलेला.

१९४६ साली, सोळा वर्षांनी, तो घरी गेला. रात्रीची वेळ, दार ठोकलं, बाप कंदील घेऊन बाहेर आला अन् पोराला ओळखलं नाही. या प्रसंगावर अन् पुढं गावानं काय म्हटलं त्यावर ‘हेस्पेइता जानुआरिओ’ हे गाणं आहे, जानुआरिओचा मान राख असा त्याचा अर्थ. पोरगा शहरातून चकचकीत, एकशेवीस बटणांची पेटी घेऊन आला होता, अन् गावातले लोकं त्याला म्हणतात की तू मोठा झाला असशील बाबू, पण तुझा बाप त्या आठ बटणांवर जे काढते ते तुझ्या एकशेवीसवर निघत नाही. आता काकांचं मघाचं वाक्य आठवा. इथं ते पेटी उघडून परत वाजवतील, वाजवू द्या. आमच्याकडं या गाण्यानंतर ज्यांचे पोरं पुण्याला, सुरतला, हैदराबादला कामाला आहेत त्या घरची माणसं गप्प झाली होती अन् मी पुढचं गाणं लावायला मुद्दाम उशीर केला.

पुढची कारकीर्द पटकन सांगा. ‘बायांव’ गाणं १९४६ चं, त्यानं रेडिओवर लाट आली. ‘आझा ब्रांका’ रेकॉर्ड करताना स्टुडिओतल्या वादकांनी थट्टा केली होती की हे भिकाऱ्याचं गाणं आहे, असं सांगतात. दक्षिणेकडचा पेद्रो राइमुंदो हा अकॉर्डियनवाला आपल्या मुलखाच्या गुराख्याच्या वेशात गायचा, ते पाहून लुईझनंही सेर्तांवच्या गुराख्याची चामडी टोपी डोक्यावर घातली, ती शेवटपर्यंत. फोटो दाखवा, ती अर्धचंद्रासारखी टोपी पोट्ट्यांना फार आवडते. पन्नासच्या दशकाच्या शेवटी शहरात नवीन, मऊ आवाजाचं संगीत आलं अन् त्याला मोठ्या रेडिओवर जागा राहिली नाही, पण तो थांबला नाही, ट्रकवर उभं राहून गावोगावच्या चौकात गात फिरला. मग त्याच्याच गाण्यांवर वाढलेले जिल्बेर्तो जिल, काएतानो वेलोझो हे गायक मोठे झाले अन् त्यांनी त्याला परत पुढं आणलं. काएतानोनं तर लंडनला परागंदा असताना ‘आझा ब्रांका’ गायलं.

एक खोटी गोष्ट तुम्हाला हमखास सापडेल, की बीटल्स हे गाणं रेकॉर्ड करणार होते. ती १९६८ च्या सुमारास कार्लोस इंपेरिआल नावाच्या माणसानं उठवलेली अफवा होती. सांगू नका. या माणसाला परक्या मोठेपणाची गरज नाही.

नाजूक जागा

१९५३ चं ‘व्होझिस दा सेका’, म्हणजे दुष्काळाचे आवाज. हे गाणं लावायचं की नाही ते समोर कोण बसलं ते पाहून ठरवा. यात सेर्तांवचा माणूस सरकारातल्या मोठ्या साहेबाशी बोलते, आभार मानते अन् मग म्हणते की धडधाकट माणसाला भीक दिली तर तो एक तर लाजेनं मरते नाहीतर बिघडते, आम्हाला काम द्या, नद्यांवर धरणं बांधा, अन्न रास्त भावात द्या. आपल्या इथं पॅकेज, माफी, यादीत नाव आलं का, बँकेच्या चकरा, हे सगळं ज्यांनी काढलं त्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. पण ज्या घरातला कर्ता माणूस गेला त्या घरचं कोणी बसलेलं असेल तर आधी त्यांच्या घरी जाऊन सांगून या की असं गाणं आहे. मी गेलो होतो. ती वहिनी म्हणाली, लावा भाऊ, मी येतो. ती आली अन् शेवटपर्यंत बसली. त्या गाण्यानंतर लगेच भाषण करू नका, अन् कोणत्याही पक्षाच्या माणसाला तर माइक अजिबात देऊ नका.

त्याच्या पोराचं, गोंझागिन्याचं, थोडक्यात सांगा. जन्म १९४५, माय क्षयानं गेली, बाप सदा दौऱ्यावर, पोरगा हिऊच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत मानलेल्या आईबापाकडं वाढला. मोठा होऊन तोही नावाजलेला गायक झाला, लष्करी राजवटीच्या विरोधात गाणारा, बापाशी त्याचं पटत नव्हतं. १९८१ च्या सुमारास दोघं एका मंचावर आले अन् सोबत देशभर गात फिरले. बाप १९८९ ला गेला, पोरगा १९९१ ला गाडीच्या अपघातात. त्या दोघांचं सोबतचं गाणं असेल तर लावा, पण त्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवली तर जास्त चांगलं, बाप-लेकाचा विषय निघाला की एका तासात संपत नाही.

शेवटचं गाणं

बाया एक प्रश्न विचारतातच. आमच्याकडं एका आजीनं विचारला, “मंग ते पोरगी? जिले सोडून गेला ते? आला का वापस?”

याचं उत्तर तोंडानं देऊ नका. त्याचं गाणं आहे. १९५० साली झे दांताससोबत केलेलं ‘आ व्होल्ता दा आझा ब्रांका’, पांढऱ्या पंखाचं परत येणं. म्हणून ते आधी कुठंच वाजवू नका, शेवटाला राखून ठेवा. आधी अर्थ सांगा, तीन रात्री झाल्या, उत्तरेकडं वीज चमकून राहिली. गडगडाट ऐकून पाखरू वापस फिरलं, अन् मीही आता गावाकडं निघालो. पाऊस आला, नदीला पाणी आलं, रान हिरवं झालं, अन् माझ्या पोरीची आठवण येऊन राहिली, अन् फादरसाहेब, पीक नडलं नाही तर या वर्षाच्या शेवटी लगीन करतो.

मग गाणं लावा, आवाज थोडा वाढवा. संपलं की स्पीकर बंद करा.

आम्ही केलं तेव्हा ४ जून होता, ढगं होते पण पाऊस नव्हता. गाणं संपल्यावर कोणी काही बोललं नाही. मग आजीनं पदर सावरला, उठताना गुडघ्यावर हात दिला अन् म्हणाली, “म्हंजे पीक आलं त.”